सुरांची सोबत

आपल्या व्यापारी घरांत ‘पत’ या शब्दाला फार मोल आहे. दुकानाची जागा, मालाचा साठा, खात्यावरील शिल्लक या गोष्टी मोजता येतात. पत मोजता येत नाही, म्हणूनच ती अधिक जपावी लागते. बँकेच्या नोकरीत लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील अनेक शाखांमध्ये काम करताना एक गोष्ट माझ्या नेहमी पाहण्यात आली. कर्जाच्या अर्जावर सही करायला आलेले गृहस्थ पीकपाणी, बाजारभाव, थकलेली येणी यांविषयी मोकळेपणाने बोलत. घरातील दुखण्याविषयी मात्र अवाक्षर काढत नसत. दुखण्याची बातमी मोंढ्यात पसरली की उधारी देणारा हात आखडता घेतो आणि सोयरीक जुळत आली असेल तर समोरचे घर विचारात पडते, अशी भीती त्यामागे असे. ही भीती अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही.

मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी आता आपण चारचौघांत बोलू लागलो आहोत. कर्करोग मात्र अजून उंबरठ्याच्या आतच राहतो. कित्येक घरांत तर हा शब्दही उच्चारला जात नाही. ‘गाठ’, ‘मोठे दुखणे’, ‘मुंबईचा आजार’ अशी नावे त्याला दिली जातात. रुग्णाला पैसा, औषध आणि पथ्यपाणी यांची उणीव पडत नाही. उणीव पडते ती माणसांची. ही उणीव भरून काढण्याचा एक साधा, बिनखर्चाचा आणि आपल्या परंपरेतच असलेला मार्ग म्हणजे एकत्र बसून गाणे. हे मी अनुभवाने सांगत आहे. त्याला अभ्यासाचा आधार किती आहे, तेही पुढे सांगेन.

बंद दाराआडच्या दुपारी

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया मुंबईला झाली. केमोथेरपी आणि त्यानंतरचे किरणोपचार लातूरला झाले. त्याच सुमारास घरात पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. त्यामुळे जाणत्या मंडळींनी असे ठरवले की, तूर्त ही गोष्ट कोणाला सांगू नये. कोणी विचारलेच तर गुडघ्याच्या उपचारांसाठी मुंबईला गेल्या होत्या, असे सांगावे. या निर्णयामागे कोणाचाही दुष्टावा नव्हता. एका मुलीचे भवितव्य आणि एका बाईचे आजारपण यांचा एकाच वेळी विचार करताना घरातल्यांना जे सुचले, ते त्यांनी केले.

घराने काहीही कमी केले नाही. दीर स्वतः गाडी काढून मला लातूरला नेत. जाऊबाईंनी दोन वेळचे पथ्य सांभाळले. मुलाने विम्याचे सारे कागद निस्तरले. तरीही दुपार सरत नसे. पुरुष मंडळी दुकानावर गेलेली, मुले शाळेत, जाऊबाई मागचे आवरून जरा आडव्या झालेल्या. शिरूर अनंतपाळसारख्या लहान तालुक्याच्या गावात उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावरही चिटपाखरू नसते. केमोच्या दोन सलाइनींमध्ये माझ्या बाबतीत एकवीस दिवसांचे अंतर असे. त्यांतील पहिला आठवडा मळमळीत जाई आणि उरलेले दिवस पुढच्या सलाइनीची वाट पाहण्यात जात. दार वाजले की मी आतल्या खोलीत जाऊन बसे, कारण डोक्यावर केस उरले नव्हते. ज्या घराचा हिशेब मी वर्षानुवर्षे सांभाळला, त्याच घरात लपून राहण्याची वेळ आली होती.

अशा वेळी मन कोणत्या थराला जाते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आपण घरावरचा भार झालो आहोत, हा विचार औषधाच्या गोळीबरोबर रोज गिळला जातो. मृत्यूची भीती रात्री वाटते. दुपारी वाटतो तो निरुपयोगीपणा.

‘आवाज कोणी मागितला?’

लहान गावात गुपित फार दिवस टिकत नाही. आमच्या महिला मंडळातील सर्वांत ज्येष्ठ काकू एके दिवशी दुपारी थेट घरी आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, हातात काठी. त्यांनी प्रकृतीची चौकशी केली नाही. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “ताई, बुधवारी तीन वाजता आम्ही चौघी-पाचजणी येतो. पेटी आणतोच. स्तवने म्हणू या.”

मी म्हटले, “काकू, मला आता आवाज राहिला नाही हो. चार शब्द बोलले तरी धाप लागते.”

“आवाज कोणी मागितला?” काकू म्हणाल्या. “तुम्ही नुसत्या बसा. म्हणायचे काम आमचे.”

बुधवारी त्या खरोखरच आल्या. पेटी वाजवणाऱ्या वहिनी नेहमी काळी चारमध्ये म्हणत. त्या दिवशी त्यांनी कोणाला काही न सांगता पट्टी उतरवून काळी दोन धरली. माझ्या थकलेल्या गळ्याला खालचा सूर झेपावा म्हणून हे केले, हे माझ्या ध्यानात आले. पण त्याचा उच्चार त्यांनी केला नाही, मीही केला नाही. पहिल्या बुधवारी माझे फक्त ओठ हलले. दुसऱ्या बुधवारी ध्रुवपदापुरती साथ दिली. कडव्याच्या वेळी त्या म्हणत आणि मी श्वास घेत असे. ध्रुवपद आले की मी त्यांच्यात मिसळत असे. महिन्याभरात एक संपूर्ण स्तवन मी सर्वांबरोबर म्हटले. त्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुढच्या बुधवारपासून त्याही आमच्यात येऊन बसू लागल्या.

या बैठकांचा सर्वांत मोठा गुण मला जाणवला तो असा. कोणी भेटायला आले की प्रश्न विचारले जातात. कसे कळले, कोणते डॉक्टर, किती खर्च आला, आता पुढे काय? विचारणाऱ्याच्या मनात आस्था असते, पण उत्तरे देता देता रुग्ण थकतो. शिवाय प्रत्येकजण आपल्या ऐकिवातला एखादा रुग्ण सांगून जातो, आणि तो बहुधा गेलेलाच असतो. स्तवन चालू असताना प्रश्नाला जागाच नसते. माणसे शेजारी बसलेली असतात, त्यांचे श्वास आपल्या श्वासाबरोबर चालत असतात, आणि तासाभराने ती उठून आपापल्या घरी जातात. सहानुभूतीचा एक शब्दही न उच्चारता सोबत मिळते.

अभ्यास काय सांगतो

माझ्या एकटीच्या अनुभवावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. म्हणून या विषयावर झालेले काम मी मुलाच्या मदतीने समजून घेतले. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात ‘टेनोव्हस कॅन्सर केअर’ ही संस्था कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे आप्त यांच्यासाठी समूहगायनाचे वर्ग चालवते. पहिला वर्ग २०१० साली सुरू झाला. गाता येते की नाही, अशी परीक्षा तेथे घेतली जात नाही. या संस्थेच्या पाच गायनवर्गांतील १९३ जणांचा अभ्यास लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या सहकार्याने करण्यात आला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासात तीन प्रकारची माणसे होती. काही स्वतः रुग्ण होते, काही रुग्णाची शुश्रूषा करणारे होते आणि काहींनी आपला माणूस या आजारात गमावला होता.

तासभर गाण्याआधी आणि गाण्यानंतर या सर्वांच्या लाळेचे नमुने तपासण्यात आले आणि त्यांच्या मनःस्थितीची नोंद घेण्यात आली. मन प्रसन्न झाल्याचे आणि ताण उतरल्याचे तिन्ही गटांत आढळले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी झाले होते आणि रोगप्रतिकाराशी संबंधित काही प्रथिनांच्या प्रमाणात वाढ झाली होती. ज्यांचे मन सुरुवातीला अधिक खचलेले होते, त्यांच्या मनःस्थितीत सुधारणाही अधिक दिसली. हा प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास होता. तुलनेसाठी न गाणारा वेगळा गट त्यात घेतलेला नव्हता, आणि एका तासानंतरचे हे बदल होते. गाण्याने कर्करोग बरा होतो, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. गाठ काढतो तो शल्यविशारद. उरलेल्या पेशींचा बंदोबस्त औषधे आणि किरणे करतात. गाण्याचे काम त्या सर्व काळात माणसाला टिकवून धरण्याचे आहे.

शुश्रूषा करणारे आणि आप्त गमावलेले यांचाही या अभ्यासात समावेश होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. घरात एक माणूस आजारी पडतो तेव्हा त्याच्या उशाशी बसणारा माणूसही झिजत असतो, पण त्याची विचारपूस होत नाही. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारातून उठून बैठकीत येऊन बसल्या, तेव्हा त्यांचीही ती गरज होती, हे मला फार उशिरा उमगले.

श्वास बेतून गाणे

आजारातून उठून गाण्याकडे परतण्याचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण पंडित कुमार गंधर्वांचे आहे. त्यांचा आजार कर्करोग नव्हता, क्षय होता. पण त्या काळी क्षयाची दहशत आजच्या कर्करोगापेक्षा कमी नव्हती. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमारजी ऐन तारुण्यात, कीर्ती वाढत असताना, या आजाराने अंथरुणाला खिळले. हवापालटासाठी ते माळव्यातील देवास येथे जाऊन राहिले. गाणे बंद झाले. पत्नी भानुमती यांनी नोकरी करून संसार आणि शुश्रूषा दोन्ही सांभाळले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच सुमारास उपलब्ध झाले आणि त्यांना गुण आला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले.

अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याच्या बायकांची लोकगीते आणि फिरत्या नाथपंथीयांची निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली. १९५०च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा मैफलीत बसू लागले तेव्हा त्यांचे गाणे निराळे झाले होते. उपलब्ध श्वास बेतून घेतलेल्या छोट्या, तेजस्वी स्वरावली हे त्यांच्या गायकीचे लक्षण मानले गेले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे त्या आजारानंतर सुमारे चाळीस वर्षे ते गात राहिले.

आपण कोणी कुमार गंधर्व नव्हे. तरी त्यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी साध्या माणसालाही लागू पडतात. पहिली ही की, आजारपणात स्वतः गाता आले नाही तरी इतरांचे गाणे कानांवर पडत राहणे वाया जात नाही. दुसरी ही की, बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर छातीची त्वचा ओढल्यासारखी वाटते, दुखेल या भीतीने आपण उथळ श्वास घेऊ लागतो. गाताना श्वास खोल घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. तो सराव आपोआप होतो. पूर्वी एका दमात म्हटली जाणारी ओळ आता दोन दमांत म्हणावी लागली, तर ती दोन दमांत म्हणावी. त्यात कमीपणा नाही.

आपल्या मातीतले गाणे

समूहाने गाणे ही बाहेरून आणण्याची गोष्ट नाही. मराठवाड्याच्या गावागावांत भजनी मंडळे आहेत. आमच्याच जिल्ह्यातील औशाच्या नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा सर्वदूर ख्यात आहे. जैन समाजातही मराठी भक्तिरचनेचा ओघ जुना आहे. दहिगाव क्षेत्राशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या ब्रह्मचारी महतीसागरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीतून पदे, अभंग आणि आरत्या रचल्या. मंदिरमार्गी असोत वा स्थानकवासी, श्वेतांबर असोत वा दिगंबर. आरती, स्तवन किंवा भक्तामर सर्वांनी मिळून म्हणण्याची सवय आपल्या प्रत्येक घराला आहे.

सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे एका मुहूर्ताचा. वेल्समधील गायनवर्ग तासाभराचे. एवढा वेळ शांत बसून एका गोष्टीत मन लावण्याची शिस्त आपल्याला लहानपणापासून आहे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात आपण ती पाळतो. उरलेल्या वर्षात आजारी माणसाच्या घरी जाऊन पाळली तर एवढेच करायचे आहे.

व्रतांविषयीही येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. केमो चालू असताना उपवास, आयंबिल किंवा चौविहार जमत नाही म्हणून अनेक स्त्रिया मनाने खचतात आणि मंडळात येणेच सोडतात. पच्चक्खाणात ‘आगार’ ठेवण्याची सोय आपल्या शास्त्रानेच केलेली आहे. औषधाच्या वेळा आणि आहार डॉक्टर सांगतील तसे पाळावेत, शंका असल्यास साधू-साध्वीजींना विचारावे आणि व्रत थांबले म्हणून गाणे थांबवू नये.

किल्लारीला धावलेला समाज

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या पिढीला तो दिवस विसरता येणार नाही. त्या वेळी शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची आणि निवासाची जबाबदारी उचलली. मुंबईत हरखचंद सावला यांचा ‘जीवन ज्योत’ न्यास टाटा रुग्णालयाच्या परिसरात रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांना गेली अनेक वर्षे जेवण पुरवत आहे. संकट डोळ्यांना दिसले की आपला समाज मागे राहत नाही, याचे हे दोन पुरावे.

दिसले की, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. भिंती कोसळल्या तेव्हा सर्वांना दिसल्या. बंद खोलीत बसलेली सून किंवा आडत दुकानाच्या माडीवर झोपून असलेले वडील कोणाला दिसत नाहीत, आणि मग मदतीला कोणी धावत नाही. समाज निर्दय असतो म्हणून नव्हे. त्याला कळू दिलेले नसते म्हणून.

बोलण्याने जीवही वाचतात, याचा पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी झाली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केली गेली, त्या गटात पुढील आठ वर्षांत या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. आपल्यासारख्याच गावांतील, आपल्यासारख्याच संकोची स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या, तेव्हा हे घडले. आमच्या मंडळातही बुधवारच्या बैठकीनंतर दोघींनी आपणहून मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, तपासणी कुठे करायची असते?” स्तवनाच्या आधी हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला नसता.

सोयरिकीचा प्रश्न

पुतणीचे काय झाले, असे वाचक विचारतील. ज्या स्थळाशी बोलणी चालू होती, ते पुढे आले नाही. कारण माझा आजार होता की अन्य काही, हे आम्हाला कधीच कळले नाही. त्या दिवसांत घरात फार जड शांतता होती आणि पुतणी मात्र रोज माझ्यासाठी फळांचा रस काढत होती. वर्षभराने दुसरीकडे जमले. त्या घरी पहिल्याच बैठकीत दिरांनी माझ्या आजाराविषयी स्वतः सांगितले. समोरच्या गृहस्थांनी ऐकून घेतले आणि दोन दिवसांनी होकार कळवला.

या बाबतीत वैद्यकशास्त्र काय म्हणते, ते माहीत असावे. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींचाच आजार आनुवंशिक असतो. घरात एकीला झाला म्हणजे सगळ्या मुलींना होणार, हा समज चुकीचा आहे. जेथे आनुवंशिकतेची शंका असेल तेथे डॉक्टर तपासणी सुचवतात. त्यासाठीही आधी सांगावे लागते.

मंडळांसाठी काही सूचना

आपल्या गावात असा उपक्रम सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी अनुभवावरून नोंदवते.

जाण्यापूर्वी रुग्णाला आणि घरच्यांना विचारावे. ‘नको’ म्हटले तर पुन्हा महिन्याने विचारावे. डॉक्टरांचा होकार घ्यावा. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. त्या दिवसांत बैठक घेऊ नये, हवे तर फोनवरून एखादे स्तवन ऐकवावे. सर्दी-खोकला असलेल्या व्यक्तीने त्या आठवड्यात येऊच नये. केमोच्या काळात रुग्णाला ताप शंभर अंशांच्या वर जाऊ लागला तर गाणे-बजावणे बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

चार-पाच जणांपेक्षा अधिक गर्दी नको. रुग्णाला टेकून बसता येईल अशी खुर्ची द्यावी. पट्टी खालची धरावी, लय संथ ठेवावी आणि ध्रुवपद वारंवार येणारी, सर्वांना पाठ असलेली स्तवने निवडावीत. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता असते. त्या हाताने पेटी उचलणे किंवा जोराने टाळ वाजवणे टाळावे. तोंड आले असेल तर रुग्णाने नुसते ऐकावे. ज्यांच्या घशाची किंवा जिभेची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनाही बोलवावे. मांडीवर ताल धरणारा माणूसही गाण्यातच असतो.

आजाराचा विषय आपणहून काढू नये. रुग्णाने काढला तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावा. गेलेल्या रुग्णांच्या कथा सांगू नयेत आणि कोणतेही घरगुती औषध सुचवू नये. बैठक तासाभरात संपवावी. चहापाण्याचा आग्रह धरू नये, म्हणजे घरच्या बाईवर भार पडत नाही.

पुरुषांसाठीही असे काही व्हावे, अशी माझी इच्छा आहे. दुकान सोडून घरी बसलेल्या पुरुषाची दुपार बाईच्या दुपारीपेक्षा अधिक रिकामी असते, कारण त्याला घरात काय करावे हेच ठाऊक नसते. संध्याकाळी दुकान वाढवल्यावर चार मित्रांनी त्याच्याकडे जाऊन आरती म्हणावी, एवढेही पुष्कळ आहे.

जे बरे झाले नाहीत

आमच्या बैठकीत आता दोन घरे वाढली आहेत. त्यांपैकी एका घरातील भाऊंना अन्ननलिकेचा कर्करोग होता. निदान उशिरा झाले. अखेरचे दोन महिने त्यांना पाणीही गिळता येत नसे. मंडळातील आम्ही तिघी-चौघी त्यांच्या खोलीबाहेर, ओसरीवर बसून म्हणत असू. दार उघडे ठेवावे, असा त्यांनी खुणेने आग्रह धरला होता. ते गेले. गाण्याने त्यांना वाचवले नाही, आणि तसा आमचा दावाही नव्हता.

त्यांच्या पत्नी दीड महिना घराबाहेर पडल्या नाहीत. मग एका बुधवारी आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. पेटी सुरू झाली. पहिली दोन स्तवने त्यांनी मान खाली घालून ऐकली. तिसऱ्याच्या ध्रुवपदाला त्यांचा आवाज आमच्यात मिसळला. तेव्हापासून त्यांचा एकही बुधवार चुकलेला नाही. नव्याने आजारी पडलेल्या कोणाच्या घरी जायचे असेल तर आता त्याच सर्वांत आधी तयार होतात, आणि पट्टी किती खाली धरायची हेही त्याच सांगतात.

येत्या चातुर्मासात आपल्या गावातील प्रत्येक मंडळाने आठवड्यातील एक दुपार अशा एखाद्या घरासाठी राखून ठेवावी, एवढी माझी विनंती आहे. घर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. गेले तीन-चार महिने ज्या बाई मंदिरात किंवा स्थानकात दिसलेल्या नाहीत, त्यांच्याकडे आधी जावे.